घरचं माणूस आजारी, सहल रद्द : विमा, रिफंड, कागदपत्रं (गोवा)

कुळागर_फोंडा

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानचं ठरलं होतं. मोपाहून दिल्ली विमानाने, पुढे गाडी करून जयपूर, जोधपूर, उदयपूर. आम्ही दोघं, दोन मुलं, नणंद आणि तिचे यजमान. मावससासूबाई आणि काका विमानात बसायला तयार नाहीत, म्हणून त्यांची वास्कोहून गोवा एक्सप्रेसची तिकिटं. सासरे येणारच नव्हते, ते धाकट्या दिरांकडे राहणार होते. काल पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. फोंड्याहून थेट बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट घातला. डॉक्टर म्हणतात धोका टळला. पण अशा वेळी घर सोडून किल्ले बघत फिरण्याचा प्रश्नच नाही.

आता पैशांचं. विमानाची तिकिटं कंपनीच्या साइटवरून, सगळ्यात स्वस्त भाड्याची, त्यावर ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलंय. ती काढताना ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या चौकटीत खूण केलेली होती. हॉटेलांपैकी काही फुकट रद्द होतात, उदयपूरच्या हवेलीचे मात्र पूर्ण पैसे भरलेत. आधी काय करायचं? आणि जे प्रवासी नाहीत, त्यांच्या आजारपणावर आमचा विमा चालतो का? निघायला अजून आठवडाभर तरी आहे.

म्हापशाचा_बाळ

सासऱ्यांना लवकर बरं वाटो. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून मोबाइलवर ‘कॅन्सल’ दाबत सुटू नका, एवढंच सांगतो. बाकीचं इथले जाणकार सांगतील. फुकट रद्द होणाऱ्या हॉटेलांची शेवटची तारीख-वेळ मात्र आजच बघा. ती मुदत हॉटेलाच्या गावच्या घड्याळाने आणि बऱ्याचदा मध्यरात्री नाही, दुपारीच संपते.

जुना_क्लेमवाला

ताई, बरीच वर्षं विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर काढली आहेत. सविस्तर लिहितो.

ईमेलमध्ये दोन कागद शोधा. एक सर्टिफिकेट, एकदोन पानी, त्यावर तुमची नावं आणि कोणत्या गोष्टीला किती रकमेपर्यंत संरक्षण त्याचा तक्ता. दुसरा पॉलिसीच्या शब्दांचा जाड कागद, जो कोणी उघडत नाही. तक्त्यात ‘ट्रिप कॅन्सलेशन’ ही ओळ आहे का ते आधी बघा. देशांतर्गत विमानाच्या तिकिटाबरोबर मिळणाऱ्या स्वस्त पॉलिसींत अपघात, सामान हरवणं, विमानाला उशीर एवढंच असतं, असं खूपदा होतं. ओळच नसेल तर विषय संपला, विमान कंपनीकडून जे सुटेल ते सोडवायचं.

ओळ असेल तर जाड कागदात ‘इमिजिएट फॅमिली’ची व्याख्या शोधा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. आजारी माणूस स्वतः प्रवासी असलाच पाहिजे असं सगळीकडे नसतं. जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू हे रद्द करण्याचं मान्य कारण पुष्कळ पॉलिसींत असतं. पण जवळचा कोण, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. नवरा-बायको, मुलं, आईवडील बहुधा असतातच. भावंडं कुठे असतात, कुठे नाहीत. सासू-सासऱ्यांचंही तसंच.

आणि इथे एक गंमत आहे, जी लोकांच्या लक्षात येत नाही. एका पीएनआरवर सहा जण असले तरी विमा प्रत्येकाचा वेगळा. तुमच्या यजमानांचे आणि नणंदेचे ते वडील, म्हणजे त्या दोघांचा दावा सरळ. तुमचे आणि नणंदेच्या यजमानांचे सासरे, तिथे व्याख्या बघावी लागेल. मुलांचे आजोबा, आणि आजोबा बऱ्याच याद्यांत नसतात. एकच आजारपण, एकच इस्पितळ, पण सहा जणांची तीन वेगळी उत्तरं. म्हणून ‘ट्रॅव्हलिंग कम्पॅनियन’चं कलम आहे का ते बघा. सोबत्याचा प्रवास मान्य कारणाने रद्द झाला तर त्याच्याबरोबरच्या विमाधारकाचाही धरायचा, असं ते कलम असतं. वडीलच निघणार नसतील तर अल्पवयीन मुलं एकटी जाणार नाहीत हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटतं, पण पटवायला कलम लागतं.

पुढची अडचण जुन्या आजाराची. सासऱ्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा आधीचा हृदयविकार असेल तर ‘पूर्वीपासूनचा आजार’ म्हणून नकार येऊ शकतो. काही पॉलिसी हे कलम फक्त विमाधारकाला लावतात, काही नातेवाइकालाही. तेही तिथेच वाचा. केसपेपरवर जुनी औषधं लिहिलेली असतातच, ती लपत नाहीत, लपवायला जाऊ नका.

क्रमाबद्दल विचारलंत. आजच विमा कंपनीला फोन करून तक्रार नव्हे, फक्त सूचना द्या, क्रमांक घ्या, आणि तेच ईमेलने पाठवा. मग लगेच रद्द करायला लागा. ‘क्लेम मंजूर झाल्यावर रद्द करू’ म्हणून थांबू नका. थांबल्यामुळे कपात वाढली तर ती वाढीव रक्कम विमा कंपनी देत नाही. नुकसान कमी ठेवणं हे विमाधारकाचं कर्तव्य समजलं जातं. दुसरीकडून जे परत मिळतं ते वजा करूनच ती पैसे देते.

साखळीचा_सडेतोड

एवढं सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. देशातल्या सहलीला विमा काढणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा थोडं महाग पण बदलता येणारं भाडं घ्या आणि हॉटेलं फुकट रद्द होणारी. भांडायला कोणी नको, दाखला नको.

जुना_क्लेमवाला

साखळीकर, देशांतर्गत सहलीबद्दल अर्ध्याहून जास्त सहमत. परदेशाचं तसं नाही. तिथे मूळ खर्च उपचाराचा असतो, रद्द होणं दुय्यम.

पर्वरी_पासपोर्ट

परदेशाचा विषय निघालाच आहे तर. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेली पॉलिसी लागते. ती दाखवली की व्हिसा अर्जाचं काम होतं, म्हणून लोक सगळ्यात स्वस्त घेतात. त्या अटीत प्रवास रद्द होण्याबद्दल एक अक्षर नाही. स्वस्त पॉलिसीत बहुधा ते नसतंच. व्हिसा शुल्क आणि अर्ज केंद्राचं शुल्क तर कुणीच परत देत नाही.

आणि पॉलिसी कधी घ्यायची याकडे लक्ष द्या. उपचाराचं संरक्षण प्रवासाला निघाल्यापासून लागतं, पण रद्द होण्याचं, जिथे असतं तिथे, पॉलिसी घेतल्यापासून निघेपर्यंत. मग निघण्याच्या आदल्या रात्री पॉलिसी घेणाऱ्याला त्या कलमाचा उपयोग काय? पहिलं मोठं बुकिंग झालं की त्याच आठवड्यात घ्यावी. घरात कोणी आजारी पडल्यावर घेतलेल्या पॉलिसीला तर आधीच माहीत असलेली घटना म्हणून सरळ नकार.

बांबोळी_वॉर्ड

मी इस्पितळात काम करते, कुठल्या विभागात ते सोडा. कागदांबद्दल लिहिते, कारण नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी धावपळ करतात आणि दाव्याला लागतं तेच नेमकं राहून जातं.

डिस्चार्ज समरी मिळेपर्यंत थांबू नका. आज रुग्ण दाखल आहे, कधीपासून, कोणत्या निदानाने, एवढं लिहिलेला दाखला युनिटच्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह मागा. सकाळच्या राउंडला मागू नका, दुपारी जरा निवांत असताना मागा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: दुखणं नेमकं कधी सुरू झालं, रुग्णाची स्थिती गंभीर आहे, आणि जवळच्या नातेवाइकाने सोबत राहणं गरजेचं आहे. तिसरी ओळ महत्त्वाची, कारण तुमच्या बाबतीत प्रवास करणारा रुग्ण नाही. ‘रुग्णाने प्रवास करू नये’ असं डॉक्टर सवयीने लिहून देतात, आणि ते तुमच्या काहीच कामाचं नाही.

रुग्णाचं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच केसपेपरवर आहे ना ते आत्ताच बघा. आपल्याकडे एकाच माणसाचं आडनाव एका कागदावर ‘नाईक’ आणि दुसऱ्यावर ‘गावकर’ असं असतं. नंतर दुरुस्ती करायला रेकॉर्ड विभागात हेलपाटे होतात. नात्याचा पुरावा म्हणून यजमानांचा जन्मदाखला चालतो, त्यावर वडिलांचं नाव असतं.

म्हापशाचा_बाळ

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेच्या कार्डावर यातलं काही येतं का?

बांबोळी_वॉर्ड

नाही. ते उपचाराचं. प्रवासाशी संबंध नाही.

रायबंदर_हवाई

विमानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणजे सगळंच गेलं असा अर्थ होत नाही. डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे की तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा अगदी विमानतळावर पोचलाच नाहीत तरी वैधानिक कर आणि विमानतळाच्या विकास शुल्कासारखे आकार परत द्यायचे. मूळ भाडं परत न मिळणाऱ्या, सवलतीच्या तिकिटालाही हेच. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार याच्या वर जाऊ शकत नाही. तिकिटाच्या पावतीवर भाड्याची फोड असते, ती काढून बेरीज करा. सुविधा शुल्क म्हणून साइटने घेतलेले पैसे सोडून द्या.

रद्द करताना पडद्यावर ‘क्रेडिट शेल’ समोर येतं आणि लोक तेच दाबतात. पैसे कंपनीकडे जमा ठेवायचे की परत घ्यायचे हा प्रवाशाचा हक्क आहे, कंपनीने आपोआप ठेवून घ्यायचं नाही. वर्षभरात पुन्हा उडणार नसाल तर पैसेच मागा.

आणखी एक युक्ती, कायदेशीर. गेल्या काही महिन्यांतल्या विमान कंपनीच्या ईमेल चाळा. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरअखेर लागू होतं आणि त्या सुमारास वेळा सरकतात. वेळ बरीच बदलली असेल आणि तो बदल तुम्ही अजून मान्य केला नसेल तर पूर्ण परताव्याचा पर्याय त्याच ईमेलमध्ये असू शकतो. मग आजारपण, दाखला, विमा कशाचीच गरज नाही. मोपा आणि दाबोळी दोन्हीकडे वेळा बदलत राहतात, त्यामुळे हे इथे वरचेवर कामी येतं.

कुळागर_फोंडा

सगळ्यांना देव बरें करूं. सासऱ्यांना आज वॉर्डात हलवलं, पेज खाल्ली.

क्लेमवाला काका, सर्टिफिकेट सापडलं. ‘ट्रिप कॅन्सलेशन’ आहे, रक्कम मात्र माणशी विमानभाड्यापुरतीच. व्याख्येत आईवडील, सासू-सासरे दोन्ही आहेत, आजी-आजोबा नाहीत. सोबत्याचं कलम आहे. नातेवाइकाला किमान २४ तास दाखल असण्याची अट आहे, ती आपोआप पुरी झाली. जुन्या आजाराचं कलम ‘विमाधारकाचा’ असं आहे. सूचना दिली, क्रमांक आला. वेळ बदलल्याची ईमेल नव्हती. उदयपूरची हवेली राहिली.

रायबंदर_हवाई

हवेलीच्या मालकाला स्वतः फोन करा, बुकिंगच्या साइटला नंतर. पैसे परत मागू नका, तारीख पुढे मागा. मार्चनंतर तिकडे ऊन चढतं आणि खोल्या रिकाम्या राहतात, तेव्हाची तारीख द्यायला कोणाचं काही जात नाही. कबूल केलं तर साइटच्या चॅटमधून किंवा ईमेलने लेखी घ्या, नुसत्या फोनवर सोडू नका.

मडगाव_जंक्शन

रेल्वेचं मी सांगतो. मावससासूबाई-काकांना जायचं नसेल तर लवकर रद्द करा, गाडीची वेळ जवळ येईल तशी कपात वाढते आणि चार्ट लागल्यावर काही उरत नाही. तत्काळमधलं कन्फर्म तिकीट असेल तर परतावा शून्यच, घाई करून उपयोग नाही.

पण रद्द करण्याआधी एक विचार करा. कन्फर्म तिकीट घरातल्या माणसाच्या नावावर करता येतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको, एवढ्याच नात्यांत. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण खिडकीवर अर्ज, दोघांची ओळखपत्रं आणि नात्याचा पुरावा. एकदाच करता येतं. काकांच्या मुलाला-सुनेला दिल्लीला जायचं असेल तर मुलाला काकांचं तिकीट मिळेल. सून या यादीत नाही, तिच्यासाठी वेगळं बघावं लागेल.

आणि तिकीट काढताना आयआरसीटीसीचा ४५ पैशांचा विमा असतो त्याकडे आशेने बघू नका. तो रेल्वे अपघातासाठी आहे: मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला १० लाख, इस्पितळाच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. घरी कोणी आजारी पडलं म्हणून तो पै देत नाही.

पेडण्याचे_आजोबा

माझी वेगळी व्यथा. आम्ही काशीयात्रा ठरवली होती. निघायच्या आठवड्यात भावकीत चुलत चुलत्याचं वय होऊन निधन झालं. आम्हाला सुतक. सुतकात विश्वेश्वराचं दर्शन कसं घ्यायचं? यात्रा रद्द केली. विमा कंपनीला कळवलं तर पलीकडची मुलगी विचारते, ‘सर, मयत व्यक्ती आपल्या घरात राहत होती का?’ आता या पोरीला भावकी कशी समजवायची!

जुना_क्लेमवाला

आजोबा, सुतक दहा दिवसांचं असलं तरी पॉलिसीच्या व्याख्येत चुलत चुलता बसत नाही. तिथे आपले धर्मशास्त्र चालत नाही. यात्रा कंपनीकडे मात्र या कारणासाठी माणुसकीने बघणारे पुष्कळ असतात, कारण यात्रेला येणारं गिऱ्हाईकच सुतक पाळणारं. पुढच्या तुकडीत बसवून घ्या म्हणा. आणि पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी त्यांच्या अटीत ‘पुढच्या तारखेला बदल’ असा मुद्दा लेखी घ्या. गावात कुणाच्या घरी काय होईल ते सांगता येत नाही, आणि भावकी जितकी मोठी तितकं सुतक वारंवार.

साखळीचा_सडेतोड

माझा एक मित्र सांगत होता, ओळखीच्या डॉक्टरकडून तापाचा दाखला घ्यायचा, काम होतं. खरंखोटं कोण बघतो?

जुना_क्लेमवाला

बघतात हो. रक्कम जरा मोठी असली की तपासनीस इस्पितळात जाऊन रजिस्टर बघतो. दाखल होण्याची नोंद नाही, औषधांचं बिल नाही, लॅबचा रिपोर्ट नाही, नुसता दाखला असेल तर त्याच्या पहिल्याच फेरीत उघडं पडतं. दावा तर जातोच, तो डॉक्टरही अडचणीत येतो.

बांबोळी_वॉर्ड

+१. आणि दाखले मागणाऱ्या खऱ्या नातेवाइकांकडे मग डॉक्टर संशयाने बघतात, ते वेगळंच.

पर्वरी_पासपोर्ट

एक विचारायचं राहिलं. निघाल्यावर वाटेत घरून फोन आला तर?

जुना_क्लेमवाला

त्याला ‘कर्टेलमेंट’ किंवा ‘इंटरप्शन’चं वेगळं कलम असतं, रद्द होण्याचं तिथे लागत नाही. न वापरलेल्या हॉटेलांचे पैसे आणि घरी परतण्याचं जादा भाडं त्यात येतं, मर्यादेपर्यंत. परतीचं तिकीट स्वतः काढण्याआधी पॉलिसीवरच्या सहायता क्रमांकावर फोन करा. काही कंपन्या पूर्वपरवानगीशिवाय काढलेल्या तिकिटाचे पैसे देताना कुरकुर करतात. रात्री दोन वाजता फोन लागत नसेल तर ईमेल टाका, वेळ नोंदली जाते, आणि निघा.

कुळागर_फोंडा

आजचं सांगते. हवेलीवाल्यांनी एप्रिलपर्यंत केव्हाही या म्हणून ईमेल पाठवली. विमानाची तिकिटं रद्द केली, फोडीप्रमाणे कर-आकार कार्डावर परत येणार. उरलेल्या मूळ भाड्याचा दावा विमा कंपनीकडे टाकला, यजमानांचा आणि नणंदेचा एकत्र, माझा आणि नणंदेच्या यजमानांचा व्याख्येवर, मुलांचा सोबत्याच्या कलमावर. दाखल्यात ती तिसरी ओळ डॉक्टरांनी न मागता लिहून दिली, बांबोळी_वॉर्ड ताई, वाटतं तुमचा शब्द तिथे पोचलाय. विमान कंपनीकडून रद्द केल्याचं पत्र मात्र अजून आलं नाही, ते कसं मिळवायचं?

रायबंदर_हवाई

रद्द केल्याची ईमेल आली असेल तीच बहुधा चालते, पण त्यात किती कापलं याची फोड हवी. नसेल तर कस्टमर केअरला ‘कॅन्सलेशन चार्ज ब्रेकअप’ ईमेलने मागा. सात दिवसांत कार्डावर पैसे आले नाहीत किंवा हे पत्रही देईनात तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका.

म्हापशाचा_बाळ

आणि विमा कंपनीने नकारच दिला तर? ग्राहक मंचात जायचं का?

जुना_क्लेमवाला

त्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही. गोव्यासाठी लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे, पण तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणीही व्हिडिओवर होऊ शकते. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एक वर्षाच्या आत करावी. एकदा ग्राहक आयोगात त्याच विषयावर गेलात तर लोकपाल ती घेत नाही, म्हणून आधी लोकपाल, मग आयोग.

मडगाव_जंक्शन

काकांची गाडीची तिकिटं?

कुळागर_फोंडा

काकांचं तिकीट मुलाच्या नावावर केलं, तो नोकरीच्या मुलाखतीला दिल्लीला जातोय. मावशींचं रद्द केलं. मडगावच्या खिडकीवर रेशनकार्ड नेलं होतं, त्यावर नातं लिहिलेलं असतं, त्यामुळे लगेच झालं.